खाप्याचा हुरडा समुद्रावर नेणारी पेटी

मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. बाहेरून पत्रा, आतून पत्रा आणि दोन्हींच्या मध्ये चार बोटं जाडीचा थर्माकोल, अशी माझी घडण. माझा रंग एके काळी निळा होता. आता त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. माझं झाकण एका बाजूने काळवंडलेलं आहे आणि बंद करताना जरा कुरकुरतं. पण मित्रांनो, माझ्या दिसण्यावर जाऊ नका. नागपुराहून विमानात गेलेल्या पेट्या पुष्कळ असतील. शेत पोटात घेऊन विमानात बसलेली पेटी मात्र मी एकटीच. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई म्हणूनच सांगते.

माझा जन्म हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात झाला. तिथे शीतगृहांचे जाड दरवाजे बनत. दरवाजे कापून उरलेला पत्रा आणि थर्माकोलचे तुकडे साहेबांना विचारून मार्तंड फिटरने गोळा केले आणि जेवणाच्या सुट्टीत बसून मला घडवलं. मार्तंडचे फोरमन होते मधुकरराव. त्यांच्या घरी फ्रिज नव्हता, आणि नागपूरचा मे महिना कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. मार्तंडने मला मोटारसायकलला बांधून त्यांच्या दारात आणलं आणि मधुकररावांच्या बायकोला, सुभद्राबाईंना म्हणाला, "वयनी, यात सकाळी बर्फ ठेवा. संध्याकाळी तसाच सापडन. नाई सापडला तर मले फिटर म्हनू नका."

संध्याकाळी बर्फ सापडला. त्या दिवसापासून मी त्या घरची झाले.

माझी ती वर्षं फार मजेत गेली. उन्हाळ्यात पोटात बर्फाची लादी, तिच्यावर पन्ह्याचा गंज, म्हणजे आमच्याकडचं उभं पातेलं, आणि टरबुजाच्या फोडी. शेजारपाजारी कुणाकडे लग्न निघालं की मठ्ठ्यासाठी मला मागायला माणूस यायचा. सुभद्राबाई मला द्यायच्या, पण देताना बजावायच्या, "पेटी धुऊन, पुसून, झाकन उघडं ठेवून वापस करजा. ओली बंद केली त वास धरते." कुणी तसं केलं नाही, तर पुढच्या वेळी त्यांना पेटी मिळत नसे. मला या बाईंचा हा करडेपणा मनापासून आवडायचा.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती माझी जितकी आहे, तितकीच सुभद्राबाईंची आहे.

सुभद्राबाईंचं माहेर नागपूरजवळच्या खाप्याचं. थोरले भाऊ चंपतराव तिथे शेती करत. धाकटे आनंदराव रेल्वेत कारकून होते आणि बदली होऊन कलकत्त्याला गेले होते. तिथल्या कचेरीत हिवाळा आला की प्रत्येकजण आपापल्या गावच्या खाण्याचं कौतुक सांगे. कुणी माशाचं, कुणी मिठाईचं. आनंदराव हुरड्याचं सांगत. पहाटे कापलेली ज्वारीची कोवळी कणसं, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायची, गरम गरम तळहातावर चोळायची, फुंकर मारून भुसा उडवायचा आणि ते हिरवे दाणे जवसाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. सांगताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटे. ऐकणाऱ्यांना मात्र हसू फुटे, कारण तिथे ज्वारी म्हणजे गुराढोरांचं खाणं. कचेरीचे मोठे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, घोषालबाबू यांनी तर आनंदरावांचं नावच ठेवून दिलं, हुरडाबाबू.

भावाला कुणी हसतं हे सुभद्राबाईंना सहन होईना. एका हिवाळ्यात त्यांनी पोतंभर कणसं गच्च बांधून, ओळखीच्या माणसाबरोबर रेल्वेने कलकत्त्याला पाठवली. आनंदरावांनी ते पोतं मोठ्या दिमाखात सगळ्यांच्या समोर कचेरीत उघडलं. मित्रांनो, कोवळं कणीस दाबून बांधलं की ते आतल्या आत उबतं. पोत्यातून असा आंबूस वास सुटला की माणसं नाक धरून बाजूला झाली. घोषालबाबू उठले आणि त्यांनी एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या.

पुढच्या दिवाळीत आनंदराव नागपूरला आले, तेव्हा त्यांनी ही हकीकत हसत हसत सांगितली. पण ताटातलं जेवण तसंच राहिलं होतं. सुभद्राबाईंनी ते पाहिलं. "आनंदा," त्या म्हणाल्या, "एक दिवस मी त्या घोषालबाबूले हुरडा खाऊ घालीन. ताजा."

चंपतराव शेजारीच जेवत होते. ते म्हणाले, "सुभद्रे, हुरडा वावरातच खाव लागते. गावाची शीव वलांडली का दाना टनक होते. तुले का माहीत नाई?"

सुभद्राबाईंना माहीत होतं. पण त्यांनी ते सोडून दिलं नाही.

मग एक गोष्ट घडली. मधुकररावांच्या कारखान्याने जुन्या कामगारांचा सत्कार केला आणि मधुकररावांना शालीबरोबर विमानाची दोन तिकिटं दिली. सुट्टीला कुठेही जा, म्हणाले. मधुकररावांना समुद्र पाहायचा होता. भर मध्यात वसलेल्या नागपुरात सगळा जन्म गेलेला, समुद्र त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. आनंदरावांनी कळवलं की जानेवारीत आमच्या कचेरीची सहल दिघ्याच्या समुद्रावर जाते आहे, तेव्हाच या, सगळे मिळून जाऊ. सुभद्राबाईंनी उलट निरोप धाडला, "येतो. सहलीले हुरडा मी आणीन. तसं सांगून ठेव."

आणि आनंदरावांनी खरोखरच सांगून ठेवलं! मागचं एवढं हसं झालेलं असूनही. बहिणीच्या शब्दावर त्यांचा तेवढा भरवसा होता. आता पुन्हा जर पोत्यासारखं झालं, तर आनंदरावांना त्या कचेरीत मान वर करून बसणं मुश्कील होतं. ते सुभद्राबाईंना कळत होतं, आणि त्या मला आतून-बाहेरून चिंचेने घासत होत्या म्हणून मलाही कळत होतं.

निघायच्या दिवशी चंपतरावांनी पहाटे दवात कणसं कापली आणि पहिल्या बसने स्वतः घेऊन आले. तोंडाने कितीही नाही म्हणाले, तरी कणसं त्यांनी निवडून निवडून आणली होती. नखाने दाणा दाबला की दूध यावं अशी.

आता भरायचं कसं, यावर चर्चा सुरू झाली. मधुकरराव म्हणाले, "बर्फ टाक." आम्ही नागपूरची माणसं, म्हणजे मी पेटी असले तरी नागपूरचीच, कुठल्याही दुखण्यावर आम्हाला बर्फ सुचतो. तळाशी बर्फाचे खडे, वर ओलं फडकं आणि त्यावर कणसं, असं मला भरलं. सोबत एका थैलीत खाप्याच्या गोवऱ्या.

"अवं, गोवऱ्या काहून घेऊन राहिली?" मधुकररावांनी विचारलं. "कलकत्त्याले गाई नसतीन का?"

"असतीन," सुभद्राबाई म्हणाल्या. "पन त्या काय खाते, मले काय मालूम."

फोरमनसाहेबांनी मुकाट्याने थैलीचं तोंड बांधलं.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मला ऑटोतून उतरवलं आणि काट्यावर ठेवलं. काट्यावर बसणं हा मोठा मान आहे, असं मला वाटत होतं. तेवढ्यात माझ्या झाकणाखालून पाण्याची एक धार निघाली आणि काट्यावरून खाली जमिनीवर गेली. लादी टिकते, पण खड्यांचं लवकर पाणी होतं, आणि ऑटोने वाटेत मला इतकं वाकडंतिकडं केलं होतं की ते पाणी वर चढलं होतं. लाज वाटून मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

काउंटरवरचा तरुण टाय लावलेला होता, पण बोलला आपल्यासारखाच. "बाई, पानी गळून राहिलं. असं सामान विमानात नाई चालत. दुसऱ्याच्या ब्यागा भिजते. बर्फ काढा, नाईतर पेटी इथंच ठेवा. आणि ही थैली धरून वजनबी जास्त होते."

मागे रांग उभी होती. मधुकररावांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "ठेवून दे वं. मार्तंडले फोन करतो, तो पेटी घेऊन जाईन. आपन सुट्टीले चाललो, लढाईले नाई."

"मी लढाईलेच चालली," सुभद्राबाई म्हणाल्या आणि तिथेच फरशीवर बसून त्यांनी माझं झाकण उघडलं.

आत पाहिलं तर खालची कणसं बर्फाच्या पाण्यात बुडली होती. आणखी थोडा वेळ तशीच राहिली असती तर दाणे फुगून फुटले असते आणि पोत्याचीच गत पुन्हा झाली असती. त्या टायवाल्याने अडवलं, म्हणून हे दिसलं. सुभद्राबाईंनी ओंजळीओंजळीने बर्फ बाहेरच्या कन्हेरीच्या आळ्यात नेऊन टाकला. भिजलेली कणसंही काढून टाकली. मग मधुकररावांच्या खांद्यावरची सत्काराची शाल ओढली आणि तिने माझं अंग कोरडं केलं.

"शाल हाय ते," मधुकरराव म्हणाले.

"मले दिसून राहिली," सुभद्राबाई म्हणाल्या.

मग त्यांनी थैलीतल्या गोवऱ्या माझ्या तळाशी आणि कडेने उभ्या लावल्या. कोरडी गोवरी ओल पिऊन घेते हे खेड्यात कुणालाही ठाऊक असतं, पण विमानतळावर ते त्यांना वेळेवर आठवलं, याला मी हुशारी म्हणते. वर कणसं मोकळी, श्वास घेतील अशी ठेवली. बर्फ गेल्यामुळे वजन घटलं होतं. मी आतून अजून थंडगार होते, आणि तो गारवा कसा धरून ठेवायचा ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

टायवाला वाकून पाहत होता. त्याचा आवाज बारीक झाला. "बाई, गोवऱ्या? विमानात? लोक काय म्हनतीन? गोवऱ्या कशाले लागते, तुमाले माहीत हाय ना?"

"चूल पेटवाले लागते," सुभद्राबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या घरी कशाले लागते?"

रांगेतले लोक हसले. तरुणही ओशाळून हसला. मग त्याचं लक्ष वरच्या कणसांकडे गेलं. "हुरडा हाय का?" त्याने विचारलं, आणि त्याचा चेहराच पालटला. "मी कन्हानचा, बाई. औंदा एकदाबी वावरात जानं झालं नाई." त्याने काउंटरच्या मागून दोरी आणली, मला चारी बाजूंनी स्वतः बांधलं, चिठ्ठी लावली आणि हमालाला सांगितलं की ही पेटी आडवी करायची नाही. सुभद्राबाईंनी चार कणसं त्याच्या हातात ठेवली. बाकीच्या प्रवाशांच्या सुटकेसांना असा निरोप मिळाला नाही, हे मी नमूद करून ठेवते.

विमानाच्या पोटात अंधार होता आणि थंडी होती. माझ्या शेजारी एक कातडी बॅग होती, फार महागातली दिसत होती. तिला माझ्या गोवऱ्यांचा वास आवडला नसावा. पण मी कुणाकडे लक्ष दिलं नाही. पेटीचं काम एकच, बाहेरचं बाहेर आणि आतलं आत. मी ते जीव लावून केलं.

कलकत्त्याला आनंदराव न्यायला आले होते. टॅक्सी गल्लीबोळांतून निघाली तशी मधुकररावांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि मोठ्याने हसायला सुरुवात केली. जिकडे पाहावं तिकडे भिंतीच्या भिंती गोवऱ्यांनी थापलेल्या होत्या. अख्ख्या खाप्यात नसतील तितक्या गोवऱ्या त्या एका गल्लीत होत्या. पेटीत काय आहे ते आनंदरावांना कळलं, तेव्हा हसून हसून त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. "ताई, तू गोवऱ्या घेऊन विमानात बसली? कलकत्त्याले?"

घरी पोहोचल्यावर सुभद्राबाईंनी मला गॅलरीत ठेवून झाकण उघडलं. गोवऱ्यांना ओल चढली होती आणि कणसं कोरडी, हिरवी, ताजी होती. त्यांनी एक दाणा नखाने दाबला. दूध आलं.

आनंदरावांचं हसणं थांबलं. त्यांनी हळूच विचारलं, "राहीन ना वं ताई, उद्यापर्यंत?"

"पेटीले विचार," सुभद्राबाई म्हणाल्या. संध्याकाळची गार हवा खाऊ देऊन त्यांनी मला बंद केलं. मला कुणी विचारलं नाही, पण मी मनातल्या मनात उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतली सगळी मंडळी बसने दिघ्याला निघाली. समुद्र दिसला तेव्हा मधुकरराव पँट गुडघ्यापर्यंत वर करून नुसते उभे राहिले. सुभद्राबाईंनी समुद्राकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वाळूत खड्डा करत होत्या. शेतात हुरड्यासाठी करतात तशी आगटी त्यांना हवी होती.

घोषालबाबू पांढऱ्याशुभ्र धोतरात, नाकाला रुमाल लावून आले. "हुरडाबाबू," ते म्हणाले, "यहाँ तो खिड़की भी नहीं है." सगळे खो खो हसले. आनंदरावांनीही हसण्याचा प्रयत्न केला, पण त्यांना ते जमलं नाही.

माझं झाकण उघडलं. वास आला तो ओल्या ज्वारीचा, पहाटेच्या वावराचा. घोषालबाबूंनी रुमाल थोडा खाली केला.

पण खरी कसोटी पुढेच होती. गोवऱ्या सादळल्या होत्या आणि समुद्राचा वारा थांबत नव्हता. काडी लावली की विझे. धूर तेवढा निघे. दुसरी काडी, तिसरी काडी. माणसं खोकू लागली, एकदोघे उठून पाण्याकडे गेले. आनंदराव वाळूत गुडघे टेकून फुंकत राहिले. त्या क्षणी मित्रांनो, मला रडायला आलं असतं, पण पत्र्याला रडता येत नाही.

सुभद्राबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याकडे आल्या. बिजागरीच्या सळया ओढून त्यांनी माझं झाकण मोकळं केलं आणि वाऱ्याच्या बाजूला वाळूत उभं रोवलं. "धरून ठेवा," त्या मधुकररावांना म्हणाल्या. मधुकरराव समुद्राकडे पाठ करून झाकण धरून बसले. झाकणाच्या आडोशाला काडी लागली. गोवरीची एक कड लाल झाली. मग दुसरी. माझा निळा रंग त्या बाजूने पोळून काळा पडत होता, पण मी हूं की चूं केलं नाही.

विस्तव फुलला. कणसं आत गेली. तडतड आवाज येऊ लागला. आनंदरावांनी पहिलं कणीस बाहेर काढलं, चटके सोसत तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि हिरव्या दाण्यांची मूठ, वर चिमूटभर जवसाची चटणी, घोषालबाबूंच्या पुढे केली.

सगळे बघत होते, म्हणून घोषालबाबूंनी ती घेतली. तोंडात टाकली. सावकाश चावली. मग त्यांनी रुमाल खिशात ठेवला, आपलं पांढरंशुभ्र धोतर सावरून ते आगटीजवळ वाळूत मांडी घालून बसले आणि त्यांनी पुन्हा हात पुढे केला.

मग काय विचारता! अर्धी कचेरी आगटीभोवती. कुणी चोळतंय, कुणी फुंकतंय, कुणाच्या मिशीत भुसा अडकलेला. पाण्याकडे गेलेले पळत परत आले. आनंदराव सगळ्यांना हुकूम सोडत होते. मोठ्या बाबूंना सुद्धा "असं नाही, असं चोळा" म्हणून हात धरून शिकवत होते. मध्येच घोषालबाबूंनी हाक मारली, "हुरडाबाबू, और लाओ." नाव तेच होतं. पण त्या दिवशी आनंदराव त्या नावाला ताठ मानेने वळले आणि म्हणाले, "आनून राहिलो गा, दादा!" घोषालबाबूंना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी मान डोलावली.

शेवटचं कणीस संपलं तेव्हा सुभद्राबाई उठल्या. हातावरचा भुसा झटकला. त्यांना इतका आनंद झाला होता की तो लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्या मधुकररावांना म्हणाल्या, "चला, आता दाखवा तुमचा समुद्र."

परतताना माझं पोट रिकामं नव्हतं. कचेरीतल्या मंडळींनी त्यात त्यांच्याकडचा नवा खजुराचा गूळ भरून दिला होता, आणि पेटी आडवी करू नका असं या वेळी घोषालबाबू सांगत होते. खाप्याला चंपतरावांनी तो गूळ खाल्ला, बोटं चाटली आणि पुढच्या हंगामात बांधाकडची ज्वारी कलकत्त्यासाठी म्हणून राखून ठेवली. त्यानंतर कितीतरी जानेवारी मी कलकत्त्याला गेले. बर्फाशिवाय आणि गोवऱ्यांसकट.

पुढे घरात सून आली, आणि फ्रिज आला. कौतुक त्याच्याकडे गेलं, हे मी समजू शकते. मला गच्चीवर ठेवलं. आधी माझ्यात जोडे ठेवले, मग रद्दी, आणि एका पावसाळ्यात कुणीतरी ओली फडकी कोंबून झाकण लावून दिलं. मला वास धरला. सूनबाईंनी मला भंगारवाल्यासाठी दाराबाहेर काढून ठेवलं. सुभद्राबाईंनी मला तिथे पाहिलं, उचललं आणि नळाखाली नेलं. आता त्यांचे हात पूर्वीसारखे चालत नाहीत, तरी त्यांनी मला कोपऱ्याकोपऱ्यातून घासलं. आनंदराव आता निवृत्त होऊन नागपुरातच राहतात. निरोपाच्या दिवशी कचेरीतल्या लोकांनी त्यांना बजावलं होतं, तुम्ही जा, पण पेटी आली पाहिजे. सुभद्राबाईंनी ही सगळी गोष्ट सूनबाईंना सांगितली. सूनबाई ऐकता ऐकता माझं झाकण पुसू लागल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी अशी एखादी जुनी वस्तू असेल. तिला नवी करू नका, देव्हाऱ्यातही बसवू नका. वापरली की धुवा, पुसा, उन्हात वाळवा, झाकण उघडं ठेवा. आणि पुन्हा कामाला लावा. काम नसलेल्या पेटीला जो गंज लागतो, तो पाण्याने लागत नाही.

जानेवारी जवळ आला आहे. चंपतरावांकडची ज्वारी भरात आली आहे, असं सकाळी ऐकलं. मी गच्चीवर उन्हात, झाकण उघडं टाकून, कलकत्त्याला निघायची वाट बघत बसले आहे. कणसं दवात कापा, मोकळी भरा आणि मला आडवी करू नका. बाकीचं मी बघते.